चुकांची ऑर्डर

वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावर नवं हॉटेल होतंय.
त्यांना तीनशे रोवळ्या हव्यात.
तांदूळ धुवायला नव्हे,
उपड्या टांगून आत बल्ब सोडायला.

गटाची वही माझ्याकडे असते.
मी लिहिलं : रोवळी, नग तीनशे, दिवाळीआधी.
आणि एक नवा रकाना आखला, वेळ.
माणगा काळोख्या पंधरवड्यातच तोडायचा,
चांदण्यात तोडला की भुंगा धरतो.
तो चढ, ते ओझं, कांबी काढणं, तासणं
सगळं मिनिटांत बसवलं.
अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी कुठे लिहायची
हे शिबिरात सांगितलं नव्हतं.

द्वारकाकाकी म्हणाली, "आमच्या टायमाक रकानो नाय होतो.
रोवळेत मावात तितक्या भात, ह्योच भाव."
भात ओततानाही वरून ओतायचे, अंतर राखून.
मग पाणी शिंपडून रोवळी चुलीपाशी न्यायचे.
रोवळी आत.
विणणारी खळ्यातच.
काकी हे रागाने सांगत नाही.
काठ आवळता आवळता सांगते,
आणि काठ आवळतो.

नमुन्याच्या दहा तिनेच केल्या.
चौकोनी बूड, गोल तोंड, चाळीस वर्षांचा हात.
एकीत कण्या घालून पाणी ओतून दाखवलं :
पाणी गेलं, कणी राहिली.

हॉटेलचा माणूस आला, गाडी पाणंदीत अडकली म्हणून चालत.
रोवळी दोनदा फिरवून पाहिली.
छान आहे म्हणाला, फारच छान.
जरा मशीनची वाटते.
पाहुण्यांना हात दिसला पाहिजे.
थोड्या चुका ठेवा ना मावशी,
एखादी कांब वाकडी, एखादं घर मोठं.

विहारातला पंखा एकदम ऐकू यायला लागला.
काकीने रोवळी परत मांडीवर घेतली.
"चूक कशी करतत, ता माका कोण शिकयतला?"

तरी रात्री तिने करून बघितलं. सुनेने सांगितलं मला.
तीनदा घर मोठं सोडलं,
तीनदा उसवलं.
"हात आयकणा नाय."

मग मीटिंग. विषय क्रमांक एक : चुका कोणी करायच्या.
वहीत आहे, खोटं वाटलं तर बघा.
अनसूया हसून हसून खांबाला टेकली.
शेवटी नाव निघालं प्राची तांबेचं,
वय एकोणीस, गटात येऊन तीन महिने.
तिने आपल्या सगळ्या रोवळ्या माळ्यावर लपवल्या होत्या.
खाली काढल्या. पोट सुटलेल्या, मान कललेल्या,
एकीला तर बसताच येईना.
हॉटेलवाला खूश. फोटो काढले. नगामागे दहा रुपये जास्त.
पोरीला कळेना, लाजावं की मिरवावं.

शंभर झाल्या. दीडशे झाल्या.
एकशेसत्तरच्या आसपास घात झाला.
बोटं तिला न विचारता
कांबी सरळ बसवायला लागली.
एकशेऐंशीव्या रोवळीत चूक सापडेना.
ती घेऊन प्राची काकीपुढे उभी राहिली,
हातून काही फुटल्यासारखी.

काकीने नखाने काठ वाजवला.
रोवळी उन्हात धरली.
भिंतीवर ठिपके पडले,
मोजून घालावेत तसे.
"ही आता हॉटेलाक नको देव," एवढंच म्हणाली.

मी लिहिलं : नग एकशेऐंशी, बाद.
शेरा : चूक नाही.

उरलेल्या एकशेवीस कोण करणार, ठरायचंय.
दिवाळीला चोवीस दिवस आहेत.
आज दुपारी वर्षावासाच्या जेवणाचे तांदूळ
काकीने त्याच रोवळीत धुतले.
पाणी प्राचीने ओतलं,
वरून नाही, अगदी जवळून,
काकीच्या हातावर.